हिवाळ्यात कापसाची ट्रॉली नेताना: जोडणी, भरणी, बांधणी आणि रस्ता

सीतादही (वेचणीच्या सुरुवातीची वावरातली पूजा) आटोपून वेचणीचा जोर वाढला की गावोगाव ट्रॉलीचा एकच क्रम दिसतो. संध्याकाळी वावरातून आलेला कापूस अंगणात दगडावर टेकवलेल्या ट्रॉलीत भरायचा, तुडवायचा, वरून ताडपत्री ओढायची. पहाटे चारला अंधारात ट्रॅक्टर मागे लावायचा, पिन ठोकायची आणि जिनिंगचा (कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा) रस्ता धरायचा. टायर, नट, हूक, मागचे लाइट पाहायची आठवण येते तेव्हा ट्रॉलीत वीस-पंचवीस क्विंटल माल असतो, म्हणून कोणी पाहत नाही.

हा क्रम उलटा आहे आणि दर हंगामात त्यापायी माणसं दगावतात. आधी रिकाम्या ट्रॉलीची पाहणी, मग जोडणी, मग भरणी आणि बांधणी, आणि सगळ्यात शेवटी मागे जाऊन लाइटची पाहणी, असा क्रम धरा. खाली तो टप्प्याटप्प्याने दिला आहे. बहुतेकांकडे असते ती दोन चाकी ट्रॉली धरून लिहिलं आहे. चार चाकीचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १: आदल्या दिवशी, उजेडात, रिकाम्या ट्रॉलीची पाहणी

ट्रॉली सपाट जागी घ्या. दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा. गोल दगड चालत नाही, चाक त्याच्यावरून घरंगळतं.

टायर. आपल्याकडच्या ट्रॉल्यांना बरेचदा ट्रकचे उतरलेले, रिमोल्ड केलेले टायर असतात. त्यात वाईट काही नाही, पण बाजूच्या भिंतीवर बोटाने दाबून पाहा. चीर उघडून आत धागे दिसले तर त्या टायरवर माल घालू नका. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे तेवढी राहत नाही. तापमान वीस अंशांनी उतरलं की दाब साधारण सात-आठ टक्क्यांनी कमी भरतो. दोन्ही टायरांत सारखी हवा असणं फार महत्त्वाचं. एक बाजू बसकी असली की उंच भरलेला कापूस त्याच बाजूला कलतो आणि पांदणीत (वावराच्या कच्च्या वाटेत) ती बाजू चाकोरीत गेली की ट्रॉली सावरत नाही.

चाकाचे नट. एकेक नट पान्याने ताणा, पण गोल फिरून नाही, समोरासमोरचे जोडीने. नटाच्या बुडापासून लाल गंजाचा ओघळ निघालेला दिसला, तर तो नट ढिला होऊन हलत होता असं समजा. चाक बदललं असेल तर दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून नट परत ताणायचे.

बेअरिंग. एक चाक जॅकवर उचला, वर आणि खाली हात धरून हलवा. खडखड लागली तर बेअरिंगला ढील आहे. हाताने फिरवल्यावर खरखर आवाज आला तर ग्रीस संपलं आहे. हे काम रिकाम्या ट्रॉलीचं अर्ध्या तासाचं आहे. भरलेल्या ट्रॉलीचं रस्त्याच्या कडेला चार तासांचं.

दांडी आणि तिचा डोळा. ट्रॉलीची दांडी जिथे खालच्या सांगाड्याला वेल्डिंगने जोडली आहे, तिथली माती ओल्या फडक्याने पुसा. रंगाखालून केसासारखी गंजाची रेघ दिसली तर ती वेल्डिंगची चीर आहे. तिच्यावर नुसता रंग मारू नका, वेल्डरकडे न्या. पुढच्या टोकाचं भोक, ज्यात पिन बसते, ते गोल आहे का पाहा. घासून लांबट झालं असेल तर पिन त्यात आदळत राहते आणि एक दिवस तुटते.

पाटे (चाकावरच्या स्प्रिंगची पानं) आणि फाळका (ट्रॉलीच्या कडेची उघडती भिंत). तुटलेलं पान, ढिला यू-बोल्ट, न लागणारी फाळक्याची कडी. तिन्ही गोष्टी डोळ्यांनी दिसतात, फक्त वाकून पाहावं लागतं.

> तपासणी: पहिला टप्पा पूर्ण झाला नसेल तर कापूस घरातच राहू द्या. एक दिवस उशिराने भाव फार बदलत नाही.

## टप्पा २: ट्रॅक्टर

सगळ्यात आधी ब्रेक. ट्रॅक्टरला उजव्या-डाव्या चाकाचे दोन वेगळे ब्रेक पेडल असतात. नांगरताना, वखरताना वळणासाठी एकच दाबतो, म्हणून दोघांना जोडणारी पट्टी सोडलेली असते. तीच पट्टी रस्त्यावर लावायची राहून जाते. भरली ट्रॉली मागे असताना एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर त्या बाजूला गर्रकन फिरतो आणि ट्रॉली त्याच्या अंगावर येते. रस्त्याला लागण्याआधी पट्टी लावा, रिकाम्या जागी ट्रॅक्टर चालवून ब्रेक मारा, आणि दोन्ही चाकं सारखी थांबतात का ते पाहा. एक चाक आधी धरत असेल तर ब्रेक जुळवून घेतल्याशिवाय निघू नका.

बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल, या सगळ्यांचा भार थांबवायला ट्रॅक्टरची मागची दोन चाकं तेवढी असतात. पुढचा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे.

बाकी थोडक्यात: डिफरेन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी कळ) सुटलेला असावा. स्टिअरिंगला ढील नसावी. रस्त्यावर हातातला रेस वापरू नये, पायाचाच वापरावा, म्हणजे पाय काढला की गाडी मंदावते. थंडीत बॅटरी ढिली पडते, म्हणून तिचे टर्मिनल आदल्या दिवशीच घासून घ्या. पहाटे ट्रॅक्टर चालू झाला नाही म्हणून भरल्या ट्रॉलीसकट उतारावर ढकलून चालू करायचा प्रयत्न करू नका. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि इंजिनने धरलं नाही तर उतारावर तुम्हाला फक्त ब्रेकचा आधार राहतो. चालू झाल्यावर तीन-चार मिनिटं तसाच राहू द्या, मग भार द्या.

सायलेन्सरमधून ठिणग्या उडत असतील तर तो साफ करून तोंडाला ठिणगीरोधक जाळी बसवून घ्या. मागे कापूस आहे.

## टप्पा ३: जोडणी, भरायच्या आधी

दोन चाकी ट्रॉली दगडावर टेकवून भरू नका. माल आसाच्या मागे जास्त पडला की दांडी एकदम वर उसळते. पुढे जास्त पडला की दगड सरकतो आणि दांडी खाली आपटते. त्या वेळी दांडीजवळ कोण उभं आहे याची कोणाला कल्पना नसते. बरेचदा लहान मुलं असतात. आधी जोडा, मग भरा.

1. ट्रॅक्टर सरळ रेषेत, पहिल्या रिव्हर्समध्ये, सावकाश मागे घ्या. मदतनीस ड्रायव्हरच्या बाजूला, चाकापासून दूर, ड्रायव्हरला दिसेल असा उभा राहावा.
2. ट्रॅक्टर हलत असताना ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मध्ये कोणीही शिरू नये. दांडी हाताने उचलून हुकात बसवण्याच्या नादात क्लच सुटून माणूस चिरडल्याच्या घटना दर वर्षी कुठे ना कुठे होतात. दांडी उचलायची तर जॅकने किंवा पुढच्या स्टँडने उंची जुळवा, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक लावा, मगच आत या.
3. जोडायचं ते ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच. वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा आसाला साखळी गुंडाळून कधीही नाही. ओढ मागच्या आसाच्या वरून बसली की चढावर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पलटतो. त्याला एक-दीड सेकंद पुरतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही.
4. जोडल्यावर ट्रॉलीचा तळ सपाट दिसावा. पुढून वर किंवा खाली झुकलेला दिसला तर हुकाची उंची बदला.
5. पिन योग्य जाडीची, वर टोपी आणि खाली भोक असलेली. भोकात स्प्रिंगची लॉक-पिन. खिळा, तार, स्क्रू-ड्रायव्हर यांपैकी काही नाही.
6. सुरक्षा साखळी दांडीखालून आडवी-तिडवी घालून ट्रॅक्टरला अडकवा. वळताना ताणली जाणार नाही इतकी ढिली, पण जमिनीला घासणार नाही इतकी आखूड. ही साखळी ऐंशी टक्के ट्रॉल्यांना नसते असं मला दिसतं. ती लावून घ्या.
7. लाइटची वायर जोडा, तिला वळणापुरती ढील ठेवा.

पिनबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ते माझ्यावर बेतलेलं आहे. एका हंगामात लॉक-पिन हरवली होती. मी बांधायची तार भोकातून ओवून दोन पीळ दिले आणि निघालो. नाल्याच्या रपट्यावर (बुटक्या पुलावर) मागचं चाक खड्ड्यात आदळलं, तेव्हा काही कळलं नाही. पुढे चढ लागला आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाला, जणू कोणी ओझं काढून घेतलं. मागे पाहतो तर दांडी डांबरात रुतून ट्रॉली उलटी उताराला लागत होती. मागून मोटरसायकलवर येणाऱ्या काकांनी गाडी टाकून चाकाखाली दगड सरकवला म्हणून ती रपट्यावर थांबली. तार पिनेतच होती, पण तुटून तिचं एक टोक दोऱ्यासारखं उसवलं होतं. लॉक-पिनेची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते. तेव्हापासून माझ्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये दोन जादा असतात.

> तपासणी: जोडल्यावर पहिल्या गिअरमध्ये दहा फूट पुढे, मग ब्रेक, मग खाली उतरून पिन आणि लॉक-पिन हाताने ओढून पाहा.

## टप्पा ४: भरणी

कापूस फुगीर आणि हलका असतो, म्हणून माणूस उंची वाढवत जातो. हरभरा, तूर, सोयाबीनची पोती खालीच बसतात, पण वजन फसवतं. दोन्हींचा नियम वेगळा आहे.

कापूस. दव उतरल्यावर वेचलेला, कोरडाच भरा. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव असतो, ८ ते १२ टक्क्यांमध्ये कपात होते, आणि १२ च्या वर माल नाकारतात. ओला कापूस वजनाला जड, तुडवला की आतून तापतो, आणि काट्यावर दिसलेलं जास्तीचं वजन भावात निघून जातं. भरताना पुढून सुरुवात करा, थर देत मागे या, प्रत्येक थर सारखा तुडवा. एकाच कोपऱ्यात उभं राहून तुडवलं की एक बाजू घट्ट आणि एक पोकळ राहते, आणि वाटेत माल पोकळ बाजूला बसतो.

बांबूचे तट्टे लावून उंची वाढवायची पद्धत सगळीकडे आहे. मी स्वतः तळापासून मालाचा माथा ट्रॉलीच्या रुंदीपेक्षा वर जाऊ देत नाही. सहा फूट रुंद ट्रॉली असेल तर तळापासून सहा फूट, बस. शेवटची दोन क्विंटल बसवण्यासाठी आणखी दोन फूट चढवणं म्हणजे सगळ्या फेरीचा तोल घालवणं. ती पुढच्या खेपेला जातील. तट्टे बाहेर फुगून मागच्या लाइटवर येत नाहीत ना, हेही इथेच पाहा.

पोती. आसाच्या वर आणि थोडी पुढे जड पोती, मग मागे. दोन चाकी ट्रॉलीत दांडीवर थोडा भार आलाच पाहिजे, त्याने ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड मिळते. मात्र तो फार झाला की पुढची चाकं हलकी होतात. चार चाकीत माल दोन्ही आसांवर सारखा वाटा.

मालाच्या डोक्यावरून विजेची तार जाते का, हे भरायला उभं राहण्याआधी वर मान करून पाहा. वावरातून जाणाऱ्या तारा हिवाळ्यात ताणल्यासारख्या दिसतात, पण मध्येच कुठे खांब कलून खाली आलेल्या असतात. भरलेल्या ट्रॉलीवर उभा माणूस आणि हातात लोखंडी पंजा, हे दृश्य पाहून माझा जीव वरखाली होतो.

> तपासणी: भरल्यावर सपाट जागी वीस-पंचवीस फूट सावकाश चालवा आणि स्टिअरिंग वळवा. चाकं वळूनही ट्रॅक्टर सरळच घसरत असेल तर पुढचा भाग हलका आहे. माल मागे सरकवा किंवा कमी करा, आणि पुढचं वजन लावलेलं नसेल तर लावा.

> धोका: मालावर, दांडीवर, मडगार्डवर कोणीही बसणार नाही. वेचणाऱ्या बायांना कापसाच्या ढिगावर बसवून घरी आणायची रीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. एका खड्ड्यात वरचं माणूस थेट चाकासमोर पडतं. त्यांच्यासाठी वेगळी गाडी करा, दोन फेऱ्या झाल्या तरी चालतील. मालवाहू ट्रॉलीत बसलेल्या माणसाला काही झालं तर विम्याचे पैसेही अडतात, आणि त्या घराचं नुकसान कोणत्याही पैशाने भरत नाही.

## टप्पा ५: बांधणी, आणि मागे जाऊन पाहणी

ताडपत्री चारही बाजूंनी फाळक्याच्या खाली येईल एवढी घ्या. नाडा (जाड दोर) आडवा तीन ठिकाणी आणि लांबीला दोनदा टाका. तो फाळक्याच्या कड्यांना न बांधता सांगाड्याच्या हुकांना बांधा, कारण कड्या सुटतात. गाठीचं उरलेलं टोक लोंबू देऊ नका. चाकात गुंतलं तर तेच टोक अख्खी ताडपत्री ओढून काढतं. कापूस बसतो, म्हणून पाच किलोमीटरनंतर नाडा परत ताणावा लागतो.

आता लाइट. हे अंधारात, माल बांधून झाल्यावर, ट्रॉलीच्या मागे पन्नास पावलं जाऊन पाहायचं. ट्रॉलीजवळ उभं राहून लागलेला दिवा पाहणं म्हणजे पाहणी झाली असं नाही. मागच्या वर्षी पहाटे आमचा गडी मागे उभा राहून ओरडला, "भाऊ, मांगचा डावा लाइट तं दिसूनच नाही राह्यला!" दिवा लागलेलाच होता. ताडपत्रीची कड त्याच्यावर उतरली होती आणि मागून येणाऱ्याला तो अजिबात दिसला नसता.

- मागे दोन्ही लाल दिवे, ब्रेकचा दिवा, दोन्ही इंडिकेटर.
- मागच्या फाळक्याच्या पूर्ण रुंदीवर लाल रिफ्लेक्टर पट्टी, दोन्ही बाजूंना पिवळी. पट्टीवर काळ्या मातीचा थर असतो, फडक्याने पुसल्याशिवाय ती चमकत नाही.
- ट्रॉलीचा नंबर वाचता येईल असा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दोघांचेही नंबर विम्याच्या कागदावर आहेत का, हे एकदा घरीच पाहून घ्या.
- ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचा पांढरा दिवा, जो रात्री नांगरताना लावतो, तो रस्त्यावर बंद. बरेच जण उजेड राहावा म्हणून चालू ठेवतात. मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येत आहे, किंवा त्याचे डोळे दिपतात आणि तो थेट ट्रॉलीत घुसतो.

## टप्पा ६: केव्हा निघायचं

डिसेंबरात विदर्भात साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो आणि सकाळी पावणेसातच्या आसपास उगवतो. म्हणजे उजेड पुरता अकरा तासांचाही नसतो. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, अकोट, खामगाव, तुमचं केंद्र कोणतंही असो, अंतर आणि वेग मांडून पाहा. भरल्या ट्रॉलीचा ताशी १५ किलोमीटर धरला तर ३० किलोमीटरला दोन तास. रांगेत नंबर लागावा म्हणून पहाटे चारला निघण्यापेक्षा आदल्या दुपारी दोनला निघून उजेडात पोहोचा आणि रात्र तिथे काढा. धुवारी (धुकं) पहाटेच दाट असते. ड्रायव्हर रात्रभर जागून, किंवा पिऊन, ट्रॅक्टरवर बसणार असेल तर ट्रॉली त्या दिवशी हलवू नका.

कपड्यांचंही पाहा. खांद्यावरून लोंबणारी शाल फिरत्या भागात गुंतते. अंगाला घट्ट स्वेटर घाला, आणि कानावर मफलर इतका गुंडाळू नका की मागचा हॉर्न ऐकू येणार नाही. रस्त्यावर डेकही बंदच ठेवा.

## टप्पा ७: वावरातून डांबरापर्यंत

बऱ्याच ट्रॉल्या इथेच कलंडतात, गावच्या लोकांना ते माहीत आहे. हरभऱ्याला, गव्हाला ओलीत चालू असतं, पाणी पांदणीत फुटतं आणि काळी माती वरून कोरडी, आतून लोण्यासारखी असते. आदल्या दिवशी पायी जाऊन पांदण पाहा. ओल्या जागी काठीने टोचा. काठी वीतभर आत गेली तर भरली ट्रॉली तिथून नेऊ नका, दुसरी वाट धरा किंवा अर्धा माल आधी न्या.

धुरा (वावराचा बांध) ओलांडायचा तर सरळ काटकोनात, दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील असं. तिरपं गेलं की एक चाक वर, एक खाली, आणि उंच कापूस बाकीचं काम करतो. धुऱ्याच्या किंवा नाल्याच्या काठाला लागून चालू नका. काळ्या मातीचा काठ वरून शाबूत दिसतो आणि खालून भेगाळलेला असतो.

चाक रुतलं तर रेस देऊन खोल करू नका. माल उतरवा, चाकापुढे पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), कुटार (भुसा), मुरूम टाका. दुसरा ट्रॅक्टर लावून ओढायचं असेल तर त्यालाही खालच्या हुकालाच जोडा, आणि ओढताना साखळीच्या रेषेत कोणी उभं राहू नये. तुटलेली साखळी माणसाचा पाय सहज घेऊन जाते.

डांबराला लागताना चाकांचा चिखल तिथेच झाडा. तुमच्या टायरने टाकलेली काळी माती दवाने ओली झाली की मागून येणारा मोटरसायकलवाला तिच्यावर घसरतो.

## टप्पा ८: डांबरी रस्ता, चढ-उतार, वळण

समृद्धी महामार्गावर ट्रॅक्टरला मज्जाव आहे. नागपूर–हिंगणघाट–पांढरकवडा या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आणि अमरावती–अकोला–खामगाव या ५३ वर तुमच्या मागून ट्रक तुमच्या चौपट वेगाने येतात. जिथे जुना किंवा बाजूचा रस्ता आहे तिथे तोच धरा, पाच किलोमीटर जास्त पडले तरी. सर्व्हिस रोड टाळून उलट्या बाजूने जाण्याची सवय मात्र पूर्ण सोडून द्या.

वेग. डांबरावर १५ ते २०, पांदणीत ५ ते ८. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, आणि तुमच्याकडे ब्रेकची चाकं दोनच आहेत.

उतार. उतार सुरू होण्याआधी गिअर खाली घ्या. ज्या गिअरने तो चढ चढला असता त्याच गिअरने उतरा. मधे गिअर बदलायला क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते आणि ट्रॉली ढकलायला लागते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे ट्रॉलीच्या हाती स्टिअरिंग देणं. ट्रॉली मागून ढकलून तिरपी व्हायला लागली तर ब्रेकवर उभं राहू नका. ब्रेक हलका सोडा, स्टिअरिंग सरळ ठेवा, जागा असेल तर थोडा रेस देऊन दांडी परत ताणून घ्या, मग हळू करा. दवाने ओल्या डांबरावर हे सगळं आणखी लवकर घडतं.

चढ. पायथ्याशीच खालचा गिअर. झटका देऊन क्लच सोडू नका. पुढची चाकं उचलल्यासारखी वाटली की लगेच क्लच दाबा आणि दोन्ही ब्रेक धरा. चढावर बंद पडलात तर ब्रेक धरून ठेवा आणि मदतनीस बाजूने येऊन ट्रॉलीच्या चाकामागे गुटका लावेल तोवर पाय हलवू नका. म्हणून गुटके ट्रॉलीच्या आत टाकू नका, ट्रॅक्टरवर ठेवा.

वळण. ट्रॉलीचं आतलं चाक ट्रॅक्टरपेक्षा आतून जातं. गावातल्या कोपऱ्यावर ओट्यावर बसलेली माणसं, सायकल, नळ, सगळं त्या आतल्या चाकाच्या वाटेत येतं. ट्रॅक्टर पुढे नेऊन मग वळा.

> तपासणी: पहिल्या पाच किलोमीटरला थांबा. नाडा ताणा, पिन पाहा, आणि चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. कोमट असेल तर ठीक. हात जवळ धरवत नसेल तर बेअरिंग जातं आहे, तिथेच थांबा.

## टप्पा ९: धुवारीत आणि अंधारात

विजेच्या खांबांनी अंतर मोजा. गावच्या लाइनचे खांब साधारण चाळीस-पन्नास मीटरवर असतात. एका खांबाजवळून पुढचा खांब दिसत नसेल तर रस्ता सोडून पेट्रोल पंपावर, ढाब्याच्या आवारात, शाळेच्या मैदानात उभे राहा आणि दहा वाजू द्या. दोन खांब दिसत असतील तर निम्म्या वेगाने चाला. लाइट डिपरवर ठेवा. अपर लावला की धुवारी पांढऱ्या भिंतीसारखी डोळ्यावर येते. इंडिकेटर वळणाच्या खूप आधी लावा, ओव्हरटेक अजिबात करू नका.

थांबलात तर रस्त्याच्या पूर्ण बाहेर थांबा. कडेच्या पांढऱ्या पट्टीवर थांबलेली ट्रॉली धुवारीत मागच्याला चालती वाटते आणि तो तिच्याच मागोमाग येतो.

## टप्पा १०: रस्त्यात बंद पडली तर

पंक्चर झालेली ट्रॉली रात्रभर रस्त्यावर सोडून ट्रॅक्टर घेऊन घरी जाणं ही सगळ्यात घातक चूक आहे. टायर फाटला तरी चालेल, पण ट्रॉली ओढत डांबराच्या खाली घ्या. ते जमलंच नाही तर मागे पन्नास मीटर आणि शंभर मीटर अशा दोन ठिकाणी रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवा. त्रिकोण नसेल तर हिरव्या फांद्या आणि त्यांना बांधलेली रिफ्लेक्टर पट्टी. एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्याच्या बाहेर उभा राहून मागच्यांना इशारा देईल. ट्रॉलीच्या मागे थेट उभं राहायचं नाही.

जॅक लावताना ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवा, दुसऱ्या चाकाला गुटके, जॅकखाली रुंद फळी. जॅकवरच्या ट्रॉलीखाली डोकं घालू नका. काम झालं की रस्त्यावर मांडलेले दगड उचलून बाजूला फेका. कोणाच्या तरी ट्रॉलीसाठी ठेवलेला दगड दुसऱ्याच्या मोटरसायकलखाली जातो.

कापसाला आग लागली तर ट्रॉली वस्तीपासून आणि दुसऱ्या ट्रॉल्यांपासून दूर, मोकळ्या जागी घ्या. ज्वाला वाढल्या नसतील आणि पुढून पोहोचता येत असेल तर पिन काढून ट्रॅक्टर पुढे न्या. कापूस आतून धुमसत राहतो, वरून विझला तरी तासाभराने परत पेटतो, म्हणून ढीग मोकळा करून पाणी मारावं लागतं. माणूस आधी बाजूला, माल नंतर.

## टप्पा ११: जिनिंगच्या रांगेत आणि परत

रांगेत रात्र काढताना थंडीने हातपाय गारठतात आणि कोणीतरी दोन ट्रॉल्यांच्या मध्ये शेकोटी पेटवतो. हात जोडून सांगतो, ते होऊ देऊ नका. वाऱ्याने उडालेली एक ठिणगी अख्खी रांग घेऊन जाते. शेकोटी ट्रॉल्यांपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि विझवून झोपायचं. विडी तिथेच. ट्रॉलीच्या खाली झोपू नका, रांग पुढे सरकते तेव्हा ड्रायव्हरला खालचा माणूस दिसत नाही. घरून दोन घोंगड्या जादा न्या, हे सगळं आपोआप टळतं.

वजनकाट्यावर रिव्हर्स घ्यावा लागतो. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि तेही थोडंथोडं. ट्रॉली दुमडायला लागली की लगेच पुढे येऊन सरळ करा, मग परत मागे. घाईत ओढून काढलेल्या रिव्हर्समध्ये दांडी वाकते.

माल उतरवताना ट्रॉली जोडलेलीच ठेवा. पुढचा सगळा आधी उतरवला आणि मागे ढीग राहिला तर दांडी उसळून हुकावर ताण देते, म्हणून मागून पुढे उतरवत या. हायड्रॉलिक ट्रॉली असेल तर सपाट जागी, वर तारा नसताना उचला, आणि तळ वर असताना खाली कोणी वाकू नये. खाली वाकून काही पाहायचंच असेल तर आधी टेकू लावा.

रिकामी ट्रॉली भरलीपेक्षा जास्त उडते. परतीला वेग वाढतो, मन घराकडे असतं, आणि पिन वर सरकते ती बहुतेक इथेच. निघण्याआधी पिन, लॉक-पिन आणि साखळी परत हाताने ओढून पाहा, फाळक्याच्या कड्या लावा, ताडपत्री आणि नाडा घडी करून आत ठेवा, त्यावर गुटक्याचं वजन टाकू नका, गुटके ट्रॅक्टरवरच. घरी पोहोचल्यावर ट्रॉली सोडायची ती सपाट जागी, चाकांना आधी गुटके लावून आणि पुढचा स्टँड टेकवून, मगच पिन काढायची. पिन आणि लॉक-पिन एकत्र, टूलबॉक्समध्ये.